नावेच्या किमतीवर माणसाची किंमत ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तापीवर बोटिंग वाढावं, नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा आणि सारंगखेड्याला पर्यटक यावेत, अशी मागणी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचतो. मागणी योग्यच आहे. मी स्वतः शिडाच्या नावेचा मालक आहे. तापीच्या पाण्यावर निळं शीड पाहून घाटावरची पोरं आरडाओरडा करत धावत येतात, तेव्हा मला होणारा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पण नाव पाण्यात उतरली की तिच्याबरोबर एक जबाबदारीही पाण्यात उतरते, आणि त्या जबाबदारीचा विमा आपल्याकडे कसा आहे, तो किती रुपयांना पडतो आणि किती रुपयांवर थांबतो, याबद्दल कोणी बोलत नाही. मला तो अनुभव गेल्या वर्षी आला. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कृपया जागा द्यावी.

मी १९८४ साली नौदलात भरती झालो. शेतकऱ्याचं पोर, तोवर विहिरीपलीकडचं पाणी मला ठाऊक नव्हतं. ओडिशातल्या चिल्का येथील प्रशिक्षण केंद्रात पहिल्यांदा शिडाचा दोर हातात आला आणि वाऱ्याचं वजन काय असतं ते तळहाताला कळलं. पंधरा वर्षं नोकरी करून १९९९ साली गावी आलो. केळी आणि पपई करतो. आठ वर्षांपूर्वी मुंबईहून एक जुनी ‘एंटरप्राइज’ जातीची नाव विकत आणली. दोन माणसांची, सव्वातेरा फुटांची, निळ्या शिडांची, इंजिन नसलेली. टेम्पोत घालून रातोरात धुळे, दोंडाईचा करत आणली तेव्हा भावकीतल्या लोकांनी विचारलं, इथे वारा कुठे आहे? साक्रीकडच्या माळावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तो वारा तापीवर यायचा थांबत नाही. बॅरेजमुळे, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या बंधाऱ्यामुळे, पाणी तुंबलेलं असतं आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो. शीड भरायला आणखी काय लागतं?

नाव, शिडं आणि ओढगाडी मिळून किंमत दोन लाख चाळीस हजार धरली. विमा काढायला शहाद्यात विचारलं, नंदुरबारला विचारलं. ट्रॅक्टरचा देतो म्हणाले, म्हशीचा देतो म्हणाले, सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेल्या घोड्याचाही मिळेल म्हणाले, पण नावेचा अर्जच कोणाकडे नव्हता. शेवटी मुंबईच्या एका एजंटामार्फत काम झालं. शिडाच्या नौकांचा विमा साधारण नावेच्या किमतीच्या एक ते दोन टक्क्यांत बसतो, असं परदेशातल्या नौकामालकांचं गणित आहे. दीड टक्का धरला तर माझा हप्ता तीन हजार सहाशे व्हायला हवा होता. पण कंपनीचा किमान हप्ताच साडेसात हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आठ हजार आठशे पन्नास. शिवाय नाव पाहायला येणारा सर्व्हेअर मुंबईचा. त्याची फी आणि प्रवास मिळून नऊ हजार. पहिल्या वर्षी विम्यापेक्षा विमा काढायला येणारा माणूस महाग पडला. लहान नावेला हाच मोठा फटका बसतो. वीस लाखांच्या नौकेला नऊ हजारांचा सर्व्हे जाणवत नाही, दोन-अडीच लाखांच्या नावेला तो हप्त्याइतकाच भार होतो.

एक गोष्ट मला चांगली करून घेता आली, ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पावसाळ्यात बॅरेजचे दरवाजे उघडतात, तेव्हा माझी नाव गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उलटी घालून ठेवलेली असते. मी कंपनीला लिहून दिलं की जून ते सप्टेंबर नाव पाण्याबाहेर राहील. त्याबद्दल पुढच्या वर्षी हप्त्यात थोडी सूट मिळाली. मात्र एकदा असं लिहून दिलं की ते पाळावंच लागतं. त्या चार महिन्यांत नाव पाण्यात सापडली आणि तिला काही झालं तर भरपाई विसरावी. दुसरी गोष्ट, पॉलिसीत नावेची किंमत ‘ठरलेली किंमत’ म्हणून लिहून घ्यावी. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यात अशी किंमत आधीच मान्य केलेली पॉलिसी स्वतंत्रपणे सांगितली आहे. तसं लिहिलं नसेल तर नाव पूर्ण बुडाल्यावर किमतीचा वाद सुरू होतो, आणि तो वाद घालताना नाव तर दाखवायला उरलेली नसते.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मे अखेर, रोहिणी नक्षत्र लागून तीनच दिवस झाले होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी किनाऱ्याला लागलो, शिडं उतरवून आडव्या दांड्याला गुंडाळली आणि नाव घाटाच्या कडीला एका दोराने बांधून चहाला गेलो. शेजारी माझ्या चुलतभावाची लाकडी नाव होती. तो अस्थिविसर्जनाला आलेल्या लोकांना संगमावर नेतो. आमच्या प्रकाशाला दक्षिण काशी म्हणतात. लांबलांबून माणसं येतात. त्या दिवशी त्याच्या नावेत अकरा माणसं होती आणि ती नुकतीच उतरायला लागली होती.

वावटळ कशी आली हे शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली आणि दहा मिनिटांत दुपारची रात्र झाली. माझा दोर तुटला. नाव वाऱ्याने फिरली, भावाच्या नावेवर आदळली, डोलकाठी मोडली आणि ती एका बाईंच्या खांद्यावर पडली. त्या आपल्या सासऱ्यांच्या अस्थी घेऊन आल्या होत्या. खांद्याचं हाड मोडलं. नंदुरबारला दवाखान्यात ऑपरेशन झालं, एक लाख दहा हजार खर्च आला.

मी दोर पाहिला. घाटाच्या दगडाच्या धारेवर घासून घासून त्याचे पीळ झिजलेले होते. नौदलात पहिल्या महिन्यात शिकवतात की दोर दगडाला लागत असेल तर तिथे जुनं कापड गुंडाळावं आणि दोन दोर बांधावेत. मी एकच बांधला होता, तोही कापडाशिवाय. त्या बाईंच्या मुलाला मी तिथेच घाटावर सांगितलं, बेटा, चूक माझी आहे, खर्चाची काळजी करू नका.

इथून विम्याची खरी गोष्ट सुरू होते.

माझ्या नावेच्या दुरुस्तीचं बिल चौसष्ट हजार झालं. डोलकाठी, आडवा दांडा आणि तारा पंचवीस हजार, ओढायचे दोर सहा हजार, दोन शिडं अठरा हजार, आणि फायबरच्या अंगाची दुरुस्ती पंधरा हजार. कंपनीने आधी शिडांचे पैसे नाकारले. पॉलिसीला लंडनच्या विमाबाजारातली १ नोव्हेंबर १९८५ ची यॉट कलमं, म्हणजे हौशी नौकांच्या विम्याच्या ठरीव अटी, जोडलेली आहेत. त्यांत लिहिलं आहे की उभारलेलं शीड वाऱ्याने फाटलं किंवा उडून गेलं तर भरपाई नाही. मी ती इंग्रजी कलमं शब्दकोश घेऊन तीन रात्री वाचली. त्याच वाक्यात पुढे आहे की शीड ज्या काठीला बांधलेलं आहे ती काठी मोडल्यामुळे ते फाटलं असेल तर भरपाई मिळते. शिवाय माझं शीड उभारलेलंच नव्हतं. तसं पत्र लिहिलं, घाटावरचे फोटो जोडले, तेव्हा मान्य झालं. मात्र शिडं आणि ओढायचे दोर यांच्यातून ‘जुन्याला नवं’ म्हणून एक तृतीयांश कापता येतात, तसे कापले. अठराचे बारा झाले, सहाचे चार झाले. छपन्न हजार उरले, त्यातून पॉलिसीत आधीच लिहिलेले मालकाच्या वाट्याचे दहा हजार वजा झाले. सात महिन्यांनी सेहेचाळीस हजार खात्यात आले. याबद्दल माझी तक्रार नाही. कलमं होती, मी सही केली होती, पैसे मिळाले.

तक्रार त्या बाईंच्या खांद्याबद्दल आहे.

पॉलिसीत तिऱ्हाइताच्या, म्हणजे माझ्या नावेमुळे दुसऱ्या कोणाच्या होणाऱ्या, नुकसानीचं कलम होतं. मी हक्काने मागणी केली. उत्तर आलं की वावटळ ही नैसर्गिक आपत्ती आहे, त्यामुळे कायद्याने तुमच्यावर जबाबदारी येत नाही, आणि तुमच्यावर जबाबदारी नाही म्हणून आम्ही देणं लागत नाही. मी दोराची हकिगत कळवली. दोर झिजला होता, चूक माझी होती, हे स्वतःच्या सहीने लिहून दिलं. त्यावर दुसरं उत्तर आलं, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही चूक कबूल करायची नाही अशी अट आहे, ती तुम्ही घाटावरच मोडली. अट आहे, हे खरं. मी नंतर वाचली. पण समोर बाई वेदनेने कण्हत असताना, तिचा मुलगा आपल्याकडे पाहत असताना, गप्प राहायचं हे कोणत्या माणसाला जमेल? मला नाही जमलं, आणि उद्या पुन्हा तसं झालं तरी मी तेच बोलेन. शेवटी ऐंशी हजार मी दिले, तीस हजार भावाने दिले. त्याची काही चूक नसताना त्याने गाय विकली. म्हणाला, “बाई मनी नावमा बसेल व्हती, मी कसा मागे राहू?”

या सगळ्यात एक आकडा मला झोपू देईना. तिऱ्हाइताच्या नुकसानीची माझ्या पॉलिसीतली कमाल मर्यादा किती, तर दोन लाख चाळीस हजार. म्हणजे नावेच्या किमतीएवढीच. मी ती वेगळी मागितली नव्हती, एजंटाने सुचवली नव्हती, म्हणून नावेचाच आकडा तिथेही टाकला गेला. भावाच्या नावेत अकरा माणसं होती. देव न करो, ती नाव उलटली असती आणि कंपनीने एक शब्द न काढता पूर्ण रक्कम दिली असती, तरी माणसामागे बावीस हजारही आले नसते. नाव जितकी स्वस्त, तितका तिच्यामुळे बुडणारा माणूस स्वस्त, असा या आकड्याचा अर्थ होतो. डोलकाठी पाच हजारांच्या नावेची असो की पाच लाखांच्या, खांद्यावर पडली की हाड सारखंच मोडतं.

रस्त्यावर असं नाही. मोटारसायकल चाळीस हजारांची असली तरी तिच्यामुळे कोणी दगावला तर तिऱ्हाइताच्या विम्याला मृत्यूच्या भरपाईसाठी कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम विमा कंपनी भरते. हप्ता सरकारने ठरवून दिलेला, सगळीकडे सारखा, गावच्या एजंटाकडे दहा मिनिटांत मिळणारा. मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा आहे, जिवाला नाही. हा विचार मोटार वाहन कायदा करणाऱ्यांनी फार पूर्वी केला. मग तो विचार नदीच्या काठावर येऊन का थांबावा?

माझा भाऊ तर याहून वाईट स्थितीत आहे. माझी पॉलिसी निव्वळ खासगी विहारासाठी आहे. भाडं घेतलं की ती संपली, असं त्या कलमांत स्पष्ट आहे. भाऊ माणशी भाडं घेतो. त्याच्या नावेसाठी मी तीन ठिकाणी विचारलं. लाकडी नाव, वय माहीत नाही, सर्व्हे नाही, प्रवासी भाड्याने, म्हणून तिन्ही ठिकाणी नकार. तो मासेमारी करत असता तर मत्स्यसंपदा योजनेतून गट अपघात विम्याचे पाच लाखांचं संरक्षण त्याला मिळू शकलं असतं. पण तो मासे धरत नाही, माणसं नेतो. अखेर त्याला आणि घाटावरच्या बाकीच्या नावाड्यांना घेऊन बँकेत गेलो आणि वर्षाला वीस रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना काढून दिली. दोन लाख मिळतात. ते नावाड्याच्या जिवाचे. नावेत बसलेल्यांचं काय, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

२०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा आला आणि १९१७ चा जुना कायदा गेला. यंत्रावर चालणाऱ्या नावांची नोंदणी, तपासणी, विमा यांची व्यवस्था त्यात आहे. वल्ह्यावर आणि शिडावर चालणाऱ्या नावांचं प्रकरण वेगळं ठेवलं आहे आणि त्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येते. ही वाट चांगली आहे. प्रकाशाची ग्रामपंचायत आपल्या घाटावरच्या नावा जितक्या ओळखते तितक्या मुंबईचा सर्व्हेअर ओळखणार नाही. कोणती नाव पाझरते, कोण जास्त माणसं भरतो, कोणाच्या नावेत जॅकेट नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

आणि प्रश्न एकट्या प्रकाशाचा नाही. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्यापलीकडे नर्मदा आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली तेहेतीस गावं बाधित झाली. काठावर राहिलेल्या लोकांना दवाखान्याला, बाजाराला, रेशनला जायचं तर नाव हाच रस्ता आहे. २०१९ च्या जानेवारीत संक्रांतीच्या सणाला धडगाव तालुक्यात भुषा येथे नर्मदेच्या पूजेला निघालेली बोट उलटली आणि माणसं गेली, लहान मुलंही गेली. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. मी शिडाची नाव हौसेने चालवतो. त्या गावांना हौस परवडत नाही, त्यांना नावेशिवाय पर्याय नाही. विम्याची गरज माझ्यापेक्षा त्यांना अधिक आहे आणि तो मिळण्याची शक्यता माझ्यापेक्षा कितीतरी कमी.

माझं मागणं असं आहे. जिल्हा प्रशासनाने प्रकाशा, सारंगखेडा आणि नर्मदाकाठच्या सगळ्या नावांसाठी मिळून एकच गट विमा घ्यावा, आणि तो नावेच्या किमतीवर न घेता नावेतल्या जागांवर घ्यावा. सहा जागांची नाव असेल तर सहा जीव, प्रत्येकाला ठरलेली रक्कम. चूक कोणाची, वावटळ होती की झिजलेला दोर, हे शोधत बसायची गरज त्यात नसावी. एसटीच्या तिकिटात जसा अपघात निधीचा रुपया असतो तसा नावेच्या भाड्यात एक-दोन रुपयांचा वाटा धरला तर कोणी कुरकुर करणार नाही. बाप किंवा सासरे यांच्या अस्थी घेऊन आलेला माणूस तर नाहीच नाही. एकट्या नावेला किमान हप्ता परवडत नाही, पण शंभर नावा एकत्र आल्या की तोच हप्ता वाटला जातो. सर्व्हे वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर नावा पाण्यात उतरण्याआधी, घाटावरच एका दिवसात सगळ्यांचा व्हावा. एकाच सर्व्हेअरची फी सगळ्यांत विभागली जाईल.

केळीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या केंद्रावर वाऱ्याचा वेग नोंदला गेला की शेतकऱ्याला वाऱ्याबद्दल वाद घालावा लागत नाही. त्या रोहिणीच्या वावटळीत माझी केळीही आडवी झाली होती. केळीसाठी ज्या यंत्राने वारा मोजला, तोच वारा घाटावर नावांवर आदळला होता. केंद्राची नोंद नावाड्यालाही पुरावा म्हणून चालावी, एवढं जरी मान्य झालं तरी सात महिन्यांचा पत्रव्यवहार सात दिवसांवर येईल.

ज्यांच्याकडे माझ्यासारखी स्वतःची नाव आहे, मग ती तापीवर असो, गिरणेच्या धरणात असो की नातेवाइकांकडे कोकणात ठेवलेली असो, त्यांना एवढंच सांगणं आहे की पॉलिसी हातात आली की तिऱ्हाइताच्या नुकसानीचा आकडा पहिल्यांदा शोधा. तो नावेच्या किमतीएवढा असेल तर वाढवून मागा. मी यंदा तो पंचवीस लाख करून घेतला. हप्त्यात फरक पडला एकवीसशे रुपयांचा, करासह. एवढ्याशा फरकासाठी मी आठ वर्षं अकरा-अकरा माणसांच्या शेजारी अडीच लाखांच्या आत-बाहेर नाव बांधत होतो, याची मला खंत आहे. कलमं मराठीत मागा. कंपनीने दिली नाहीत तर लेखी तक्रार करा आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही.

त्या बाई परवा येऊन गेल्या. हात आता डोक्यापर्यंत जातो, वेणी स्वतःची स्वतः घालता येते म्हणाल्या. भावाच्या नावेतून पुन्हा संगमावर गेल्या, राहिलेली पूजा केली. मी त्यांना माझी नाव दाखवली. दोन दोर होते, दगडाच्या धारेवर गोणपाट गुंडाळलेलं होतं. त्यांनी ते गोणपाट हाताने दाबून पाहिलं.

आपला,
एक सेवानिवृत्त नौसैनिक व शेतकरी
प्रकाशा परिसर, ता. शहादा, जि. नंदुरबार